निशी-कासाईची वही

गेल्या दिवाळीत आमचा भाचा भेटावयास आला तो एक प्रश्न बरोबर घेऊनच आला. त्यास तोक्योतील एका कंपनीत नोकरी लागली होती, पगाराचा आकडा हाती आला होता, आणि त्या आकड्यातून वजा करावयाचा दुसरा आकडा त्यास आमच्याकडून हवा होता. फराळाचे ताट बाजूस सारून तो म्हणाला, "मामा, तिकडे महिन्याला किती लागतात, तेवढं एकदा सांगा. बाकीचं माझं मी बघून घेईन."

प्रश्न सरळ होता आणि तो योग्य माणसासच विचारला गेला होता. ऑक्टोबर २०१७ पासून मार्च २०२५ पर्यंत आम्ही तोक्योच्या पूर्व टोकास, एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई या वस्तीत संसार केला. त्या नव्वद महिन्यांपैकी एकही महिना असा नाही की ज्याचा जमाखर्च आमच्यापाशी लिहिलेला नाही. तरीही त्या दिवशी आमच्या तोंडून आकडा निघेना. आम्ही कपाटातून वह्या काढल्या, चष्मा लावला, आणि भाचा समजला की आता उत्तरास वेळ लागणार. त्याने ताट पुन्हा पुढे ओढले.

वही लिहिण्याची सवय आमची नव्हे, ती आमच्या वडिलांची. इंदूरच्या एका कापडगिरणीच्या हिशेबखात्यात त्यांनी उभा जन्म काढला. घरातील वहीही ते गिरणीच्याच शिस्तीने ठेवीत. वर 'श्री', डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि महिनाअखेर लाल शाईने शिल्लक. आम्ही जपानला निघालो तेव्हा इतरांनी स्वेटर दिले, लोणची दिली. वडिलांनी लाल कापडी बांधणीची एक कोरी वही दिली आणि एवढेच सांगितले की परक्या मुलखात पैसा कोठे जातो हे कळत नाही, तो लिहिल्यानेच कळतो.

निशी-कासाईची निवड आम्ही केली असे म्हणणे हा अहंकार होईल. तेथे हिंदी माणसे आधीच होती म्हणून आम्ही तेथे गेलो. इसवी सन २००० उजाडताना जगभरच्या संगणकांतील तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी जपानला जे भारतीय अभियंते गेले, त्यांतील पुष्कळ येथे स्थिरावले. कारण तोझाई मार्गाची आगगाडी येथून थेट निहोम्बाशी-ओतेमाचीच्या पेढ्यांकडे जाते. जगमोहन चंद्राणी हे चहाचे व्यापारी तर १९७८ मध्येच जपानला आलेले, आणि घर मिळविताना अडलेल्या या अभियंत्यांस हात देणारे म्हणून सर्वांस ठाऊक. पुढे एप्रिल २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले, त्या रात्री आमच्या जिन्यात पेढे वाटले गेले. पेढ्यांच्या खव्याचा खर्च वहीत आहे.

परंतु ही नंतरची गोष्ट. पहिल्या पानावरचा पहिला आकडा घराचा आहे, आणि भाच्यास आम्ही तोच प्रथम दाखविला.

तोक्योत घर भाड्याने घेणे म्हणजे भाडे देणे नव्हे. भाडे हा त्यातील सर्वांत लहान भाग. आमचे पहिले घर दरमहा ९८,००० येनांचे, दोन खोल्या आणि एक उभे राहण्यापुरते स्वयंपाकघर. खोलीचे माप तेथे चौरस फुटांत सांगत नाहीत, तातामी चटयांत सांगतात. आमची मोठी खोली सहा चटयांची. त्या किल्लीसाठी जे मोजावे लागले ते येणेप्रमाणे: पहिल्या महिन्याचे भाडे ९८,०००, शिकिकिन म्हणजे अनामत, तेवढीच, रेइकिन, पुन्हा तेवढेच, दलालाची एक महिन्याची दलाली व तीवर तेव्हाचा आठ टक्के कर, १,०५,८४०, हमी घेणाऱ्या कंपनीस ४९,०००, आगीचा विमा २०,०००, आणि कुलूप बदलण्याचे १६,२००. एकूण ४,८५,०४० येन. तेव्हाच्या दराने सुमारे २ लाख ८१ हजार रुपये, आणि घरात अजून एक चमचाही आलेला नव्हता.

यांतील रेइकिन या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थबकलो होतो. शब्दशः अर्थ 'आभाराचे द्रव्य'. घरमालकाने आपणांस घर दिले याबद्दल त्यास कृतज्ञतेने अर्पण करावयाची रक्कम; ती परत मिळत नाही. आपल्याकडे पागडी असते, पण पागडी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर निदान थोडी चोरटी छटा असते. येथे छापील पावती आणि कमरेत लवून नमस्कार! वडिलांना फोनवर हे कलम सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले व म्हणाले, "नावे टाक. पण खाते कोणते काढलेस?" आम्ही धर्मादाय म्हणालो. ते हसले नाहीत. हिशेबात विनोद त्यांस खपत नसे.

रकमेहून अधिक लागले ते दुसरेच. आमच्यासमोर बसून दलाल एकेका घरमालकास दूरध्वनी करी. आमची नोकरी, पगार, कुटुंबातील माणसे हे सारे गोड शब्दांत सांगून झाले की तो आवाज किंचित खाली आणून म्हणे की माणसे परदेशी आहेत, चालेल ना? मग पलीकडचे बोलणे, अलीकडची मान हलणे, आणि कागदावर एक बारीकशी रेघ. अकरा घरांपैकी आठांवर अशी रेघ ओढली गेली. कोणी उद्धटपणे बोलले नाही. दलाल प्रत्येक रेघेनंतर आमची क्षमा मागे. हे खाते वहीत नाही. त्यास लिहावयास आकडा नव्हता.

दोन वर्षे भरत आली तेव्हा करार नवा करण्यासाठी आणखी एक महिन्याचे भाडे द्यावे लागेल असे कळले. ही त्या बाजूची रूढीच आहे. आम्ही घर सोडले. अनामत ९८,००० पैकी हाती आले ३७,०००. उरलेले ६१,००० साफसफाईत गेले. चुलीमागच्या भिंतीवरील कागद बदलावा लागला म्हणे, त्यावर हळदीचे पिवळे डाग होते. डाग होते हे खरे. पण ६१,००० येनांची हळद आमच्या सात पिढ्यांनी मिळून खाल्ली नसेल.

सप्टेंबर २०१९ मध्ये आम्ही कोजिमा-चो येथील यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या चाळवजा इमारतीत गेलो. भाच्यास आम्ही पहिला व्यवहारी सल्ला दिला तो हाच. तेथे आभाराचे द्रव्य नाही, दलाली नाही, हमीदार नाही, नूतनीकरणाचे भाडे नाही. दोन महिन्यांची अनामत ठेवावी आणि पुरेशा उत्पन्नाचा दाखला द्यावा, झाले. परदेशी आहात काय असे कुजबुजत कोणी विचारीत नाही. इमारती जुन्या, पण चौथ्या मजल्यावर आम्हांस तीन खोल्या मिळाल्या आणि दक्षिणेकडे तोंड केलेला एक लांबट सज्जा. त्या सज्जाचे पुढे काम पडेल.

"पण मामा, महिन्याला?" भाच्याने आठवण दिली.

त्याचेही खरे होते. म्हणून आम्ही नोव्हेंबर २०१९ चे पान उघडले. ते आमच्या मते सर्वांत निरोगी पान. कोणी आजारी नाही, कोणी पाहुणे नाहीत, येनही बऱ्या प्रकृतीचा. भाडे १,२७,४००. वीज ७,८६०, गॅस ५,१२०, पाणी ८,९४०; परंतु पाण्याचे बिल तेथे दोन महिन्यांनी येते, तेव्हा एक महिना ते टोचते व एक महिना त्याचा विसर पडतो. दूरध्वनी व इंटरनेट १२,३००. जपानी दुकानातील वाणसामान, दूध, भाजी ४८,२००; भारतीय दुकानातील डाळी, कणीक, मसाला १४,६५०. मुलीच्या बालवाडीचे ३,३००. हे एवढे कमी का, तर त्याच ऑक्टोबरपासून सरकारने तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बालवाडीस दरमहा २५,७०० येनांपर्यंत माफी दिली होती. कचेरीच्या जाण्यायेण्याचा पास कंपनी देते. इतर प्रवास ६,८००. कपडे ९,४००, औषधपाणी २,३१०, किरकोळ ११,२००. तिघांचे मिळून २,५७,४८० येन, म्हणजे त्या वेळचे सुमारे १ लाख ६९ हजार रुपये. त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली 'इंदूर ८०,०००'.

भाच्याने आकडा टिपून घेतला व त्याचा चेहरा उजळला. आम्हांस वाटले, येथेच वही मिटावी. पण अर्धे सांगणे हे खोटे सांगण्याच्या शेजारचे आहे, म्हणून जूनचे पान उघडले.

जपानात स्थानिक रहिवास-कर म्हणून एक प्रकार आहे. ढोबळ मानाने करपात्र उत्पन्नाच्या दहा टक्के. तो चालू उत्पन्नावर नसतो, मागील वर्षाच्या उत्पन्नावर असतो, आणि जूनपासून कापला जाऊ लागतो. १ जानेवारीस तुम्ही ज्या वॉर्डात राहत होता, तो वॉर्ड तो घेतो. त्यामुळे नव्याने आलेला माणूस पहिले वर्षभर हा कर जवळजवळ देतच नाही. त्याचा पगार भरभरून येतो, तो घरी मोठ्या रकमा पाठवितो, मित्रांस म्हणतो की लोक उगाच महागाईची ओरड करतात. मग पहिल्या पुऱ्या वर्षानंतरचा जून येतो. आमचा तो जून २०१९ चा. आणि गंमत अशी की देश सोडून गेलात तरी हा कर सुटत नाही. १ जानेवारीस तेथे होता ना? मग गेल्या वर्षीचे द्या. आम्ही मार्च २०२५ मध्ये निघालो तेव्हा आमच्या मागे हा कर भरण्यासाठी एका स्नेह्यास प्रतिनिधी नेमून यावे लागले. शिवाय आयकरावर २.१ टक्के अधिभार असतो. २०११ च्या भूकंपाने आणि समुद्राने उद्ध्वस्त केलेल्या ईशान्य भागाच्या पुनर्रचनेसाठी तो २०१३ पासून लावला गेला. तो देताना आम्ही कधी कुरकुरलो नाही. ज्या गावांतून आपण कधी गेलो नाही त्यांच्या बंधाऱ्यात आपलाही एखादा दगड असणे, हे काही वाईट नाही.

आमच्या घरात पुढे दोन वह्या झाल्या. डिसेंबर २०१८ मध्ये आमच्या सौभाग्यवती पुस्तकांच्या दुकानातून एक काकेइबो घेऊन आल्या. काकेइबो म्हणजे घरखर्चाची वही. वर्षअखेर तेथील दुकानांत पंचांगे मांडावीत तशा या वह्या मांडलेल्या असतात. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये अशी पहिली वही छापून काढली, आणि तिचा वंश अजून चालू आहे. वडिलांची वही आणि ही वही यांत एक मूलभूत भेद आम्हांस दिसला. वडिलांची वही झालेल्या खर्चाची साक्ष. बाईंची वही व्हावयाच्या खर्चाचा संकल्प. महिना सुरू होण्यापूर्वीच तीत प्रत्येक खात्यापुढे किती खर्चावे हे लिहावयाचे असते. सौ. संकल्प लिहीत, आम्ही साक्ष लिहीत असू, आणि महिनाअखेर दोहोंचा मेळ घालताना घरात जे बोलणे होई ते कोणत्याच वहीत नाही.

सौ.नी संकल्पात एक खाते मुद्दाम वेगळे ठेवले होते, 'कोथिंबीर'. इंदुरात भाजीवाला जी मूठभर फुकट टाकतो, ती तेथे प्लॅस्टिकच्या पुडीत सात-आठ काड्या, १९८ येन. महिन्यास चार पुड्या धरल्या तरी आठशेच्या घरात जाते. शाकाहारी माणसास तो देश महाग पडतो तो असाच, आडवाटेने. भाजी मिळते, पण साध्या भाजीच्या रश्शातही वाळविलेल्या माशाचा अर्क असतो. म्हणून बाहेर खाणे टळते, आणि घरी खावे तर तुरीची डाळ समुद्र ओलांडून आलेली. याबाबतीत आमचे पूर्वसूरी रासबिहारी बोस. १९१५ मध्ये ते जपानात आश्रयास गेले, पुढे शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानाच्या मालकांचे जावई झाले, आणि १९२७ मध्ये त्या दुकानात त्यांच्या शिकवणीने खरीखुरी हिंदी करी सुरू झाली. साध्या खानावळीत करी दहाबारा सेनांस मिळत असता हिची किंमत ८० सेन होती, आणि तरी लोक येत. परदेशात आपल्या घरची चव महागच असावयाची, हे शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे.

स्वस्ताईही आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. संध्याकाळी आठच्या सुमारास दुकानातील मुलगा तयार जिनसांवर निम्म्या किमतीची चिठ्ठी चिकटवीत फिरतो. त्याच्या मागे जी माणसे योगायोगाने रेंगाळतात त्यांत आम्हीही असू. ११० येनांच्या दुकानात चाळणीपासून चष्म्याच्या घरापर्यंत सर्व मिळते. दवाखान्यात मोठ्यांनी तीस टक्के द्यावयाचे, मुलांचे काहीच नाही. सरकारी शाळेस शुल्क नाही, पाठ्यपुस्तके मोफत. मात्र पहिलीतल्या मुलाच्या पाठीवरचे ते चामडी दप्तर पन्नास-साठ हजारांचे. ते सहा वर्षे टिकते. आमच्या मुलीचे चार वर्षे पाठीवर होते, आता माळ्यावर आहे.

येथपर्यंत आल्यावर आम्ही २०२० ची वही उघडावी की नाही या विचारात पडलो. भाच्यानेच ती ओढून घेतली. मे महिन्याच्या पानावर त्याची नजर गेली आणि तो म्हणाला, "मामा, या महिन्यात एवढे कसे वाचले?"

त्या महिन्यात आमचा खर्च १,९८,३०० येन झाला होता. तोक्योत ७ एप्रिलपासून आणीबाणी पुकारली होती, बालवाडी बंद, कचेरी घरात, प्रवास शून्य, कपडे शून्य. येनाचा भाव चढला होता. शंभर येनांस सुमारे सत्तर रुपये पडत, म्हणजे इंदुरास पाठविलेल्या ८०,००० चे तिकडे ५६ हजार होत. इतका दर नव्वद महिन्यांत क्वचितच मिळाला. आणि त्याच मे महिन्यात, दुपारी जेवण करून पडले असता, वडील गेले.

भारतातील परदेशगमनाची नेहमीची विमाने मार्चपासून बंद होती. खास विमानाच्या यादीत नाव लागेपर्यंत थांबणे म्हणजे तेरावा उलटून जाणे. त्यातच २७ मेपासून भारतातून येणाऱ्यांस, मग ते जपानात घरदार असलेले परदेशी का असेनात, जपानचे दार लागले. ते किलकिले झाले सप्टेंबरात. गेलो असतो तर परत येता आले नसते, आणि परत न येण्याइतकी शिल्लक नव्हती. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा. धाकट्या भावाने फोन उंच धरला होता. त्याच्या हातास कंप सुटे तेव्हा आम्हांस आकाश दिसे.

त्या रात्री आम्ही वही लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे मिळून लिहिले: दूध २१८, ब्रेड १५८. मे महिन्याची ती शिल्लक, जुलैचे पान सोडले तर, सर्व वह्यांत मोठी आहे. जुलैत ती मागे पडली कारण सरकारने २७ एप्रिल रोजी नोंदलेल्या प्रत्येक रहिवाशास, देशी-परदेशी असा भेद न करता, माणशी एक लाख येन वाटले. आमच्या घरात तीन लाख आले. एका कागदावर खात्याचा क्रमांक लिहून पोस्टात टाकावयाचा, एवढेच. या देशाने आम्हांस आठ घरे नाकारली होती आणि हे तीन लाख न मागता दिले होते; दोन्ही खरे आहे, आणि एकातून दुसरे वजा करण्याची रीत आम्हांस अजून सापडलेली नाही.

त्या तीन लाखांचे आम्ही एक नवे खाते काढले, 'घरी जाणे', आणि पुढे दरमहा दहा हजार त्यात टाकीत गेलो. तेही भाडे देण्याच्या आधी. भाच्यास आम्ही आवाज चढवून काही सांगितले असेल तर एवढेच, की हे खाते पहिल्या महिन्यास काढ. अडीअडचणीच्या वेळी काढू म्हणशील तर ती वेळ तिकीट काढू देत नाही.

मार्च २०२२ च्या अखेरीस विमाने पूर्ववत सुरू झाली. मे महिन्यात आम्ही इंदुरास गेलो. वडिलांच्या वह्या त्यांच्या टेबलावर होत्या तशाच होत्या. आमच्या प्रत्येक रकमेची नोंद त्यांत होती: तारीख, येन, त्या दिवशीचा दर, बँकेने कापलेले, हाती आलेले. पण ती जमेच्या बाजूस 'चिरंजीवाकडून' म्हणून नव्हती. तिच्यासाठी वेगळे खाते होते, आणि खात्याचे नाव 'अनामत'. मध्येच एके ठिकाणी लिहिले होते, 'अनामतीतून उचल, पत्र्याचे छत, ४१,०००'. पुढे चौदा महिने, त्यांच्या स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून, 'उचल परत', 'उचल परत'. शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०२० चा. उचल फिटली होती. लाल शाईची रेघ दोनदा ओढली होती.

भाच्याने यावर काही विचारले नाही. त्याने पाणी प्याले.

पुढच्या वह्या लवकर उलटल्या. २०२२ पासून येन घसरू लागला, तो जुलै २०२४ मध्ये शंभरास बावन्न रुपयांपर्यंत आला. आम्ही तेच ८०,००० पाठवीत होतो आणि इंदुरास ४१-४२ हजार पोहोचत होते. आईस आम्ही मध्येच कुठे खर्च करू लागलो असे वाटू नये म्हणून धाकट्या भावास दराची कात्रणे पाठवीत असू. पगार येनांत तोच. त्याचे वजन मात्र विमानतळ ओलांडताच कमी होई. मग तांदळाचे झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुकानांतील तांदळाच्या फळ्या रिकाम्या पडल्या, आणि पाच किलोंची जी पिशवी दोन हजारांस मिळे ती आम्ही निघालो तेव्हा चार हजारांवर गेली होती. बासमती घ्यावा तर ठरीव कोट्याबाहेरच्या परदेशी तांदळावर किलोमागे ३४१ येन जकात. आम्ही इंदुरास परतल्यावर, मे २०२५ मध्ये, वाचले की कृषिमंत्री ताकू एतो यांस राजीनामा द्यावा लागला. ते म्हणाले होते की आपण तांदूळ कधी विकतच घेतला नाही, पाठीराखे आणून देतात. सौ. म्हणाल्या, त्यांच्या घरी काकेइबो नसणार.

निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचेही भाच्यास सांगणे भाग होते. जपान सोडताना ती एकरकमी परत मागता येते, पण पाच वर्षांपुरतीच, आणि मग तेथील वर्षे पुसली जातात. भारत-जपानमधील सामाजिक सुरक्षेचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यान्वये दोन्हीकडची वर्षे हक्कासाठी एकत्र मोजता येतात. आम्ही रक्कम उचलली नाही. साडेसात वर्षे तेथेच राहू दिली आहेत.

भाचा जानेवारीत गेला. जाताना त्याने सर्व वह्यांची छायाचित्रे काढून नेली. आम्ही शेवटपर्यंत एक आकडा सांगितला नाही. तो नोव्हेंबर २०१९ च्या पानावरून त्याने स्वतःच काढला, त्यात भाववाढ मिळविली, आणि एकट्या माणसाचे म्हणून निम्मे केले. चूक केली. भाडे निम्मे होत नसते. पण हे त्यास पहिल्या महिन्यात कळले असेल.

फेब्रुवारीत एका रविवारी त्याचा फोन आला. थंडी, गाडीतली गर्दी, कचऱ्याचे वार हे सर्व सांगून झाल्यावर म्हणाला, "मामा, एक विचारायचं होतं. तुमच्या वहीत २०२३ च्या जुलैनंतर कोथिंबिरीचं खातं कोरं आहे. खाणं सोडलंत का?"

एप्रिल २०२३ मध्ये आमची आई तीन महिने आमच्याकडे राहावयास आली होती. 'घरी जाणे' या खात्यातून, उलट्या दिशेने. आल्या दिवसापासून ती प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत करून पाही आणि वस्तू जागेवर ठेवून देई. तीन महिन्यांत तिने स्वतःसाठी काही घेऊ दिले नाही. एकदा तिने कोथिंबिरीची पुडी हातात घेतली, उलटीसुलटी केली, किती म्हणून विचारले, आणि घरी आल्यावर मसाल्याच्या डब्यातले धने काढून मागितले. त्या लांबट सज्जात, रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत, ती कोथिंबीर लावून गेली. आम्ही निघेपर्यंत ती पुरली. डबे शेजारच्या म्हाताऱ्या बाईंस देऊन आलो.

आई जवळच बसली होती. भाच्याचा प्रश्न ऐकून तिने फोन आमच्या हातून घेतला.

"अरे, धने अख्खे टाकू नकोस. लाटण्याने हलके रगड, दोन फाका झाल्या पाहिजेत. रात्रभर भिजव. आणि आत्ता नको पेरूस, थंडीने जळतील. एप्रिल लागू दे."

पलीकडून तो काहीतरी म्हणाला.

"डबा कसलाही चालतो," आई म्हणाली, "बुडाला भोक पाड म्हणजे झालं. विकत आणू नकोस."